व्यक्ति तितक्या प्रकृति

वार्षिक परीक्षा संपली म्हणजे प्रत्येक वर्गशिक्षकास एक काम करावें लागतें. प्रगतिपुस्तकांत गुणांच्या रकान्यांखालीं 'शेरा' म्हणून एक कोरी ओळ असते. तींत विद्यार्थ्याच्या स्वभावासंबंधानें दोनतीन शब्द लिहावयाचे असतात. एका बैठकींत चाळीस-पन्नास मुलांचे स्वभाव ठरवून टाकणें हें काम वास्तविक फार अवघड आहे. पण सरावानें तें फार सोपें होऊन बसतें, आणि त्यांतच धोका आहे.

कित्येक वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका शाळेंत असतांना, मीं एका मुलाच्या पुस्तकांत लिहिलें, 'अबोल. पुढाकार घेत नाहीं.' शेरा खोटा नव्हता. वर्गांत तो मुलगा विचारल्यावांचून बोलत नसे, आणि विचारल्यावरहि खालीं पाहून एकदोन शब्दांत उत्तर देई. पुढील वर्षीं वक्तृत्वाच्या चढाओढीसाठीं मुलें निवडण्याची वेळ आली, तेव्हां त्याचें नांव माझ्या मनांतहि आलें नाहीं. चढाओढ होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांनीं, बाजारच्या दिवशीं मी भाजी घेण्यास गेलों असतां, एक खणखणीत आवाज माझ्या कानीं पडला. कांद्यांच्या ढिगामागें तोच मुलगा उभा होता. तो भाव पुकारीत होता, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकास हंसत हंसत उत्तर देत होता, आणि तोंडींच हिशेब करून मोड परत करीत होता. मला पाहतांच तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं मीं त्यास विचारलें, "तूं इतकें चांगलें बोलतोस, मग वर्गांत कां बोलत नाहींस?" तो म्हणाला, "सर, मी अबोल आहें ना? तुम्हींच पुस्तकांत लिहिलें आहे."

त्या उत्तरानें मला मानसशास्त्राचीं पुस्तकें पुन्हां उघडावयास लाविलें. माणसांचे कांहीं ठराविक प्रकार असतात काय? असल्यास किती? आणि एखाद्यास एका प्रकारांत घालून मोकळें होण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मनुष्य सुमारें अडीच हजार वर्षें शोधीत आला आहे. त्या शोधाची हकीकत विद्यार्थ्यांस मनोरंजक व पालकांस उपयोगी वाटेल, अशा समजुतीनें ती येथें थोडक्यांत सांगतों.

चार रस आणि चार स्वभाव

हिपोक्रेटीस नांवाचा प्रसिद्ध ग्रीक वैद्य इसवी सनापूर्वीं ४६० च्या सुमारास जन्मला. त्याच्या परंपरेंतील ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, मनुष्याच्या शरीरांत रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त असे चार रस असतात. त्यांचें प्रमाण योग्य असलें म्हणजे आरोग्य, आणि तें बिघडलें म्हणजे रोग. पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन ह्या वैद्यानें रोम येथें ह्या विचाराचा विस्तार केला, आणि त्याच्या मागून आलेल्या पंडितांनीं त्यांतूनच चार स्वभावांची मांडणी पुरी केली. ज्याच्या ठिकाणीं रक्त प्रबळ, तो आनंदी, चटकन् मैत्री जोडणारा व चटकन् विसरणारा. कफ प्रबळ असलेला शांत, संथ व भरंवशाचा. पिवळें पित्त प्रबळ असलेला तापट व धडाडीचा. आणि काळें पित्त प्रबळ असलेला खिन्न, विचारी व शंकेखोर. युरोपांत ही कल्पना हजारों वैद्यांनीं व लेखकांनीं खरी मानली. इंग्रजी भाषेंत खिन्नतेस आजहि 'मेलँकली' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'काळें पित्त' असाच आहे.

आपल्याकडील आयुर्वेदाचा विचार ह्याच धर्तीचा, परंतु स्वतंत्र आहे. वात, पित्त व कफ ह्या तीन दोषांच्या प्राबल्यावरून मनुष्याची प्रकृति ठरते, आणि तिचा परिणाम शरीराप्रमाणें मनावरहि होतो, असें आपले प्राचीन वैद्य मानीत. त्यांची एक गोष्ट मात्र विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांनीं तीनच प्रकृति सांगून विषय संपविला नाहीं. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या मिश्रणाच्या तीन, आणि तिन्ही दोष सम असलेली एक, अशा सात प्रकृति त्यांनीं मानल्या. म्हणजे बहुतेक माणसें मिश्र असतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आलेली होती.

वैद्यांप्रमाणें ग्रंथकारांनाहि स्वभावाचे सांचे पाडण्याची हौस असते. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस ह्यानें बडबड्या, खुशामत्या, कंजूष अशा तीस प्रकारच्या माणसांचीं छोटीं छोटीं शब्दचित्रें लिहून ठेविलीं आहेत. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं, आणि त्याच दशकाच्या शेवटीं पढतमूर्खाचींहि सांगितलीं. परंतु अशीं लक्षणें वाचतांना चतुर वाचक शेजाऱ्याकडे बोट दाखवीत नाहीं. त्यांतलें आपल्या अंगीं काय आहे, तें तो पाहतो. लक्षण आणि मनुष्य ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें येथेंच नीट ध्यानांत ठेवावें. एक लक्षण पुष्कळांत आढळतें, आणि एका माणसांत पुष्कळ लक्षणें असतात.

शरीरशास्त्राची वाढ झाली, तेव्हां 'काळें पित्त' म्हणून म्हटलेला रस शरीरांत कोठेंच सांपडला नाहीं. रस गेले, तरी चार स्वभाव मात्र गेले नाहींत. कारण तसे लोक आपणांस रोज भेटतात, असें प्रत्येकास वाटत होतें. जर्मनींतील लाइप्झिग येथें १८७९ सालीं मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन करणारा पंडित वुंट ह्यानें ह्या चार स्वभावांकडे नव्या दृष्टीनें पाहिलें. त्यानें दोनच प्रश्न विचारले : मनुष्याच्या भावना किती तीव्र असतात? आणि त्या किती लवकर पालटतात? भावना तीव्र व लवकर पालटणाऱ्या असल्या म्हणजे मनुष्य तापट. तीव्र पण सावकाश पालटणाऱ्या असल्या म्हणजे खिन्न. सौम्य पण लवकर पालटणाऱ्या असल्या म्हणजे आनंदी. आणि सौम्य व सावकाश पालटणाऱ्या असल्या म्हणजे शांत. वरवर पाहतां हे तेच चार प्रकार. पण आंतील विचार अगदीं बदलला. आधीं चार कोठड्या होत्या. आतां दोन मोजपट्ट्या झाल्या. कोठडींत मनुष्य असतो किंवा नसतो. मोजपट्टीवर तो कोठेंहि, अगदीं मध्यावरहि, उभा राहूं शकतो. ह्या फरकाचें महत्त्व पुढें कळून येईल.

बांध्यावरून स्वभाव

१९२१ सालीं क्रेचमर ह्या जर्मन डॉक्टरानें शरीराचा बांधा व स्वभाव ह्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनोरुग्णांची तपासणी करून त्यानें सडपातळ, पिळदार व गोलगुटगुटीत असे तीन बांधे ठरविले, आणि अमुक बांध्याच्या माणसास अमुक मनोविकार अधिक होतो, असें प्रतिपादन केलें. हीच दिशा पुढें अमेरिकेंतील शेल्डन ह्यानें धरली. त्यानें महाविद्यालयांतील सुमारें ४,००० तरुणांच्या छायाचित्रांवरून मेद, स्नायु व कृशता ह्या तीन अंगांना प्रत्येकी १ ते ७ असे गुण दिले, आणि १९४० व १९४२ सालीं दोन ग्रंथ लिहून, लठ्ठ मनुष्य आरामप्रिय व मनमिळाऊ, पिळदार मनुष्य धाडसी, आणि कृश मनुष्य संकोची व विचारी असतो, असा सिद्धांत मांडला.

हे सिद्धांत टीकेपुढें टिकले नाहींत. क्रेचमरच्या निष्कर्षावर एक साधा आक्षेप असा निघाला कीं, त्यानें सडपातळ लोकांशीं जोडलेला विकार बहुधा तारुण्यांत सुरू होतो, आणि गुटगुटीत लोकांशीं जोडलेला विकार पुष्कळदां अधिक वयांत दिसतो. आणि वय वाढलें म्हणजे माणसाचें शरीर सुटतें, हें तर कोणासहि ठाऊक आहे! म्हणजे बांध्याचा संबंध स्वभावाशीं नसून बराचसा वयाशीं असावा. शेल्डनच्या बाबतींत आक्षेप याहून गंभीर होता. बांध्याचे गुण देणारा आणि स्वभावाचे गुण देणारा तो एकच होता. मनांत सांचा आधीं तयार असला, म्हणजे समोरचा मनुष्य त्यांत बरोबर बसलेला दिसूं लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, ही चूक विद्वानांचीच आहे असें समजूं नका. वर्गांतील एखाद्या लठ्ठ मुलास आपण आळशी ठरवितों, आणि हडकुळ्या मुलास भित्रा ठरवितों, तेव्हां त्याच्याशीं दोन वाक्यें तरी बोललेलों असतों काय?

अंतर्मुख आणि बहिर्मुख

क्रेचमरचा ग्रंथ ज्या वर्षीं निघाला, त्याच १९२१ सालीं स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ युंग (१८७५–१९६१) ह्याचा 'मानसिक प्रकार' ह्या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ बाहेर पडला. फ्रॉइड व ॲडलर हे दोन मोठे पंडित एकाच मनोविकाराचीं दोन अगदीं निराळीं कारणें सांगत. असें कां व्हावें, ह्याचा विचार करतांना युंगला वाटलें कीं, फरक विकारांत नसून पाहणाऱ्यांच्या प्रकृतींत असावा. कांहींचें चित्त स्वभावतःच बाहेरच्या माणसांकडे व वस्तूंकडे ओढ घेतें, ते बहिर्मुख. कांहींचें चित्त स्वतःच्या विचारांकडे व अनुभवांकडे वळतें, ते अंतर्मुख. ह्या दोन वळणांस त्यानें विचार, भावना, संवेदना व अंतःस्फूर्ति ह्या मनाच्या चार व्यापारांची जोड दिली, आणि एकंदर आठ प्रकार कल्पिले. 'अंतर्मुख' व 'बहिर्मुख' हे शब्द आज शाळेंतील मुलांच्याहि तोंडीं आहेत, ते ह्याच ग्रंथामुळें. मात्र माणसांवर चिठ्ठ्या चिकटविणें हा आपल्या वर्गीकरणाचा हेतु नाहीं, असें स्वतः युंगनेंच पुढें बजावून सांगितलें होतें.

त्याचा इशारा फारसा कोणी ऐकला नाहीं. अमेरिकेंतील कॅथरिन ब्रिग्ज व तिची कन्या इझाबेल मायर्स ह्या मायलेकींनीं युंगच्या विचारांत भर घालून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एक प्रश्नावली तयार केली. तिच्या उत्तरांवरून मनुष्यास सोळांपैकीं एका प्रकारांत घालतां येतें. ही प्रश्नावली आजहि कचेऱ्यांतून व महाविद्यालयांतून वापरली जाते. तिच्यांतील मुख्य दोष समजण्यास आपल्या कवाइतीचें उदाहरण पुरे आहे. कवाइतीचे मास्तर मुलांना उंचीप्रमाणें ओळींत उभे करतात. एका टोकास सर्वांत ठेंगणा, दुसऱ्या टोकास सर्वांत उंच. हें सर्वांस मान्य होईल. पण ओळीच्या बरोबर मध्यें खडूची रेघ ओढून, 'इकडचे सारे ठेंगणे व तिकडचे सारे उंच' असें म्हटलें, तर रेघेच्या अलीकडचा व पलीकडचा हे दोन मुलगे, ज्यांच्या उंचींत बोटभरहि अंतर नाहीं, दोन निराळ्या जातींचे ठरतील! अंतर्मुखतेची गोष्ट अशीच आहे. मोजून पाहिलें असतां बहुतेक माणसें मध्याच्या जवळपास आढळतात. दोन्ही टोकांस थोडींच असतात. म्हणून तीच प्रश्नावली कांहीं आठवड्यांनीं पुन्हां सोडविली, तर पुष्कळांचा प्रकार बदलतो. मनुष्य बदललेला नसतो. तो रेघेजवळ उभा होता, इतकेंच.

सर्वांना सारखाच आरसा

मग अशीं वर्णनें वाचून "अगदीं माझेंच वर्णन!" असें लोकांस कां वाटतें? ह्याचें उत्तर फोरर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या एका गमतीच्या प्रयोगांत मिळतें. १९४८ सालीं त्यानें आपल्या वर्गांतील ३९ विद्यार्थ्यांची एक स्वभाव-परीक्षा घेतली, आणि आठवड्यानें प्रत्येकास त्याच्या नांवाचें एक स्वभाववर्णन दिलें. वर्णन कितपत जुळतें, ह्यास शून्यापासून पांचांपर्यंत गुण द्या, असें त्यानें सांगितलें. विद्यार्थ्यांनीं सरासरीनें ४·२६ गुण दिले. नंतर गुपित उघड झालें : सर्वांना दिलेलें वर्णन एकच होतें, आणि त्यांतील बरींच वाक्यें भविष्य सांगणाऱ्या एका पुस्तकांतून उचललेलीं होतीं! 'तुम्ही कधीं कधीं मोकळेपणानें वागतां, पण कधीं कधीं संकोच करतां' अशा धर्तीचें वाक्य कोणास लागू पडणार नाहीं? सर्वांना लागू पडणारें वर्णन कोणाचेंच वर्णन नसतें. जत्रेंतील ज्योतिषी असो कीं छापील प्रश्नावली असो, तिच्या उत्तरानें हुरळून जाण्यापूर्वीं हा प्रयोग आठवावा.

शब्दकोशांतून निघालेले पांच गुण

सांचे टाकून मोजपट्ट्या घेण्याचें काम कसें झालें, तेंहि पाहूं. मनुष्यस्वभावांत जें जें महत्त्वाचें आहे, त्याला भाषेनें केव्हांना केव्हां तरी नांव दिलेंच असणार, ह्या विचारानें ऑलपोर्ट व ऑडबर्ट ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं एक मोठा इंग्रजी शब्दकोश पानोपान चाळला. १९३६ सालीं त्यांनीं माणसामाणसांतील भेद दाखविणाऱ्या १७,९५३ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं सुमारें ४,५०० शब्द टिकाऊ स्वभावगुणांचे होते. आपल्या मराठींत तरी ही संपत्ति कमी आहे काय? मनमिळाऊ, माणूसघाणा, हेकेखोर, भिडस्त, चिवट, उतावळा, सोशिक, तिरसट. यादी करूं लागल्यास एक वही सहज भरेल.

परंतु हजारों शब्दांनीं शास्त्र होत नाहीं. कोणते गुण बहुधा एकत्र आढळतात, हें गणिताच्या साहाय्यानें शोधून ते शब्द थोड्या गटांत आणण्याचें काम पुढें कॅटेलप्रभृति शास्त्रज्ञांनीं केलें. इंग्लंडांत आयझेंक ह्यानें १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन मुख्य मोजपट्ट्या मांडल्या : अंतर्मुखता-बहिर्मुखतेची एक, आणि मनाच्या स्थिरता-अस्थिरतेची दुसरी. गंमत अशी कीं, ह्या दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेविल्या असतां जे चार कोपरे होतात, त्यांत हिपोक्रेटीस-गेलनच्या परंपरेंतील चारहि स्वभाव जाऊन बसतात. जुन्या वैद्यांची कारणमीमांसा चुकली, पण त्यांची नजर अगदींच चुकली नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक संशोधकांचें पांच गुणांवर एकमत होत आलें : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनांची अस्थिरता, आणि नव्या विचारांविषयीं मोकळेपणा. हे पांच प्रकारचे लोक नव्हत. पांचहि गुण प्रत्येकाच्या ठिकाणीं कमीअधिक असतात. पांच पट्ट्यांवरील पांच निरनिराळ्या जागा, अशी जर प्रत्येकाची खूण असेल, तर दोन माणसें तंतोतंत सारखीं मिळणें किती कठीण, ह्याचा हिशेब गणितांत रस असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावा. 'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही आपली म्हण अशा रीतीनें लांबचा वळसा घेऊन पुन्हां खरी ठरते.

प्रामाणिक मुलगा कोणता?

येथपर्यंत आपण असें धरून चाललों कीं, मनुष्याचा गुण सर्व ठिकाणीं सारखाच प्रगट होतो. हें तरी खरें आहे काय? अमेरिकेंतील हार्टशॉर्न व मे ह्या दोन संशोधकांनीं सुमारें ११,००० शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९२८ पासून त्याचे ग्रंथ प्रसिद्ध केले. उत्तरपत्रिका स्वतः तपासतांना मूल उत्तर बदलतें काय, घरीं सोडवावयास दिलेल्या प्रश्नांत बंदी असतां मदत घेतें काय, खेळांत मिटलेले डोळे हळूच उघडतें काय, हाताशीं आलेलें नाणें परत करतें काय, अशा अनेक युक्तींनीं त्यांनीं मुलांस न कळत त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा पाहिली. त्यांची अपेक्षा अशी असावी कीं, मुलें प्रामाणिक व अप्रामाणिक अशा दोन गटांत विभागलीं जातील. तसें झालें नाहीं. परीक्षेंत लबाडी करणाऱ्या मुलानें नाणें बिनचूक परत केलें, आणि नाणें खिशांत टाकणाऱ्यानें खेळांत डोळे उघडले नाहींत, अशीं उदाहरणें विपुल निघालीं. सर्वस्वी प्रामाणिक व सर्वस्वी लबाड मुलें थोडीं. बाकीचीं सारीं मध्यें.

ह्याचा अर्थ स्वभाव म्हणून कांहीं नाहींच, असा मात्र नव्हे. १९६८ सालीं मिशेल ह्या शास्त्रज्ञानें अशाच पुराव्यांवरून, स्वभावापेक्षां प्रसंगाचा जोर अधिक असतो, असा पक्ष मांडला, आणि त्यावर अनेक वर्षें वाद चालला. त्यांतून जें निष्पन्न झालें, तें व्यवहारीं माणसास पटण्यासारखें आहे. एका प्रसंगावरून मनुष्याचा पुढील वागणुकीविषयीं अंदाज बांधल्यास तो पुष्कळदां चुकतो. पण अनेक दिवसांच्या, अनेक प्रसंगांच्या सरासरीवरून बांधल्यास तो बराच टिकतो. स्वभाव आहे; परंतु तो एका भेटींत दिसत नाहीं, आणि एकाच जागीं दिसत नाहीं. वर्गांतला मुलगा मीं पाहिला होता. बाजारांतला पाहिला नव्हता.

पालकांसाठीं दोन शब्द

"आमचा थोरला जन्मापासून शहाणा, आणि धाकटा जन्मापासून हट्टी," असें सांगणारे पालक शाळेंत पुष्कळ भेटतात. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस ह्या डॉक्टर दांपत्यानें न्यूयॉर्क येथें १९५६ सालीं शंभराहून अधिक तान्ह्या मुलांचा अभ्यास हातीं घेतला, आणि तीं मोठीं होईपर्यंत तो चालू ठेविला. झोप व भूक ह्यांची नियमितता, नव्या वस्तूकडे झेपावणें किंवा मागें सरणें, रडण्या-हंसण्याची तीव्रता, अशा नऊ बाबतींत मुलें पहिल्या महिन्यांपासूनच एकमेकांहून निराळीं असतात, असें त्यांस आढळलें. सुमारें शेंकडा ४० मुलें 'सोपीं', शेंकडा १० 'अवघड', आणि शेंकडा १५ 'सावकाश रुळणारीं' निघालीं. राहिलेलीं सुमारें शेंकडा ३५ मुलें ह्यांपैकीं कोणत्याच वर्गांत बसेनात! ज्यांनीं वर्ग केले, त्यांनींच हें मोकळेपणानें नमूद करून ठेविलें, ही त्यांची थोरवी होय.

ह्या दांपत्याचा खरा बोध मात्र आकड्यांत नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलाचें पुढें बरें होतें कीं वाईट, हें केवळ त्याच्या जन्मजात प्रकृतीवर अवलंबून नसतें. ती प्रकृति व घरांतील माणसांची अपेक्षा ह्यांचा मेळ बसतो कीं नाहीं, ह्यावर पुष्कळसें अवलंबून असतें. सावकाश रुळणाऱ्या मुलास नव्या पाहुण्यांपुढें ढकलून "म्हणून दाखव, म्हणून दाखव" असा आग्रह केला, तर तें अधिकच आक्रसतें. त्यास थोडा वेळ दिला, तर तेंच मूल आपण होऊन पुढें येतें. चुळबुळ्या मुलास घटकाघटका एका जागीं बसविणें ही शिक्षा आहे. त्याच्या हातीं पाणी भरण्याचें किंवा बाजारहाटाचें काम दिलें, तर तीच चुळबूळ उद्योग होऊन बसते. गुण तोच, घरानें त्यास वाट दिली कीं भिंत उभारली, एवढाच फरक.

'स्वभावाला औषध नाहीं' अशी आपल्याकडे दुसरीहि एक म्हण आहे. ती अर्धीच खरी आहे. अनेक वर्षें त्याच माणसांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतून असें दिसलें आहे कीं, तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत बहुसंख्य माणसांची कर्तव्यदक्षता व सौजन्य हळूहळू वाढतें, आणि मनाची अस्थिरता कमी होते. स्वभाव एका रात्रींत पालटत नाहीं. परंतु तो दगडावरची रेघहि नव्हे. चौदाव्या वर्षीं लिहिलेला शेरा चाळिसाव्या वर्षीं लागू पडेलच, असें कोणीं सांगावें?

तेव्हां ह्या सर्व विद्येचा उपयोग कसा करावा? पहिली गोष्ट, माणसास नांव देण्याऐवजीं त्याच्या कृतीस नांव द्यावें. 'तूं आळशी आहेस' ह्यापेक्षां 'ह्या आठवड्यांत तूं तीन वेळां गृहपाठ केला नाहींस' हें वाक्य अधिक खरें आहे, आणि त्यावर उपायहि करतां येतो. दुसरी गोष्ट, आपण ज्यास ओळखतों असें म्हणतों, त्यास आणखी एखाद्या ठिकाणीं, मैदानावर, घरीं, आजाऱ्याच्या उशाशीं, पाहावें आणि मग बोलावें. तिसरी गोष्ट मुलांसाठीं. 'मी असाच आहें' हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. तें वाक्य तुमच्या अनुभवांतून आलें आहे, कीं दुसऱ्या कोणीं तुमच्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे?

त्या कांदे विकणाऱ्या मुलाची हकीकत अपुरी राहिली. पुढें तो वक्ता झाला, असें सांगतां आलें असतें तर मला आनंद झाला असता. परंतु तसें कांहीं मला ठाऊक नाहीं. पुढील चढाओढीची वेळ येण्यापूर्वींच त्याचे वडील बिऱ्हाड हालवून दुसऱ्या गांवीं गेले, आणि आपल्या चीजवस्तूंबरोबर तो तें प्रगतिपुस्तकहि घेऊन गेला. त्यांतील माझा शेरा खोडून टाकण्याची संधि मला मिळाली नाहीं. तेव्हांपासून शेऱ्याच्या ओळीवर लेखणी टेंकली म्हणजे मी थोडा थांबतों. 'अबोल' असें आतां लिहीत नाहीं. 'वर्गांत अद्याप कमी बोलतो' असें लिहितों. शब्द तीनच अधिक आहेत. पण त्यांतील 'अद्याप' ह्या शब्दांत मुलासाठीं एक दार उघडें राहतें.